दादाचे कान

सगळं गाव ज्याला हुतात्मा म्हणायचं, तो माणूस चांगला धडधाकट होता. सकाळी दोन कप चहा प्यायचा आणि चौकातल्या आपल्या सलूनमध्ये लोकांच्या दाढ्या करायचा. परगावच्या गिऱ्हाइकाला हे ऐकून हसावं की उठून जावं ते कळायचं नाही. "हुतात्म्या, कल्ले जरा बारीक कर रे," असं कोणी म्हटलं, की नवखा माणूस तोंडाला साबण असतानाच मान वळवून बघायचा. मग शेजारचा घड्याळजी बोट लांब करून आधी चौकाकडे दाखवायचा आणि मग त्याच्याकडे. या घड्याळजीला स्वतःच्या दुकानापेक्षा सलूनच्या बाकावर बसायला जास्त आवडायचं. "तो बघा, आणि हा बघा," तो म्हणायचा. "आता पटलं?"

चौकात दगडी चौथऱ्यावर एक तरुण सैनिक उभा होता. खांद्याला बंदूक, एक पाय किंचित पुढे, हनुवटी वर. युद्धाच्या शेवटी शेवटी शत्रूचं सैन्य पुलाकडे यायला निघालं, तेव्हा गावातल्या पाच पोरांनी याच चौकात, धान्याच्या गोदामाच्या भिंतीआड बसून, दिवसभर रस्ता अडवून धरला होता. तेवढ्या वेळात अख्खं गाव पूल ओलांडून पलीकडे गेलं. पाचांतलं कोणीच परत आलं नाही. त्यातला सर्वांत लहान, एकोणीस वर्षांचा, तो या हुतात्म्याचा थोरला भाऊ. घरात त्याला दादा म्हणायचे.

पुढे दहा-अकरा वर्षांनी गावाने त्याच जागेवर स्मारक करायचं मनावर घेतलं. पाच पुतळे काही झेपणार नव्हते, म्हणून सर्वांत लहान पोराचा एकच करायचा असं ठरलं. पण दादाचा फोटो कुठून आणायचा? घराचा पुढचा भाग त्या दिवशीच जळाला होता आणि फोटोंची पेटीही त्याच्याबरोबर गेली होती. शिल्पकार हात हलवत परत निघाला, तेव्हा आईने धाकट्याला दंडाला धरून पुढे केलं. युद्धात जेमतेम आठ वर्षांचं असलेलं ते पोर आता नेमकं एकोणीस वर्षांचं झालं होतं.

"याला बघून करा," आई म्हणाली. "अगदी असाच होता."

झालं. आईच्या शब्दापुढे कोण बोलणार? आठवडाभर धाकटा स्टुलावर हनुवटी वर करून बसला, मान आखडेपर्यंत बसला. पुतळा उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला रस्त्यात हाक मारली, "काय हुतात्मा, कुठे निघालात?" ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. लग्न ठरताना मुलीकडच्यांनीही आधी पुतळा बघितला आणि मग मुलगा. बायको पुढे जन्मभर म्हणायची, "मी पसंत केला होता तो चौकातला. घरी आला तो भलताच निघाला."

तो हसायचा. चेष्टा हसण्यावारी नेण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण सलूनच्या दारातून समोर नजर गेली, की त्याच्या मनात यायचं, मरायला दादा, आणि उभं राहायला मी! लोक येऊन त्या पायांशी फुलं ठेवायचे, टोप्या काढायचे, आणि वर बघायचे तर चेहरा एका न्हाव्याचा, ज्याने आयुष्यात वस्तऱ्यापलीकडे हत्यार धरलं नव्हतं. दादाला मात्र साऱ्या गावात कुठेच नाक नव्हतं की डोळे नव्हते. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि आता तर तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

मग एका सकाळी भाजीचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने सरळ चौथऱ्यालाच ठोकलं. घड्याळजी धापा टाकत सलूनमध्ये आला.

"हुतात्म्या, आधी खाली बस. बातमी वाईट आहे."

"काय झालं?"

"तुझं डोकं गेलं."

तो बाहेर जाऊन बघतो तर खरंच. पुतळा मानेपर्यंत शाबूत, बंदूक शाबूत, आणि डोकं खाली कोबीच्या पाल्यात पडलेलं. नाक गेलं होतं, हनुवटी गेली होती, एक गाल सपाट झाला होता. आपलंच तरणं डोकं असं रस्त्यात लोळताना बघणं कोणाच्या वाट्याला येत नाही. भोवती जमलेली माणसं चुकचुकत त्याच्याकडे बघायला लागली, जणू घरचं कोणी गेलं होतं. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटायच्या आधी हलकं वाटलं.

नगरपालिकेने या खेपेला हलगर्जी केली नाही. महिन्याभरात शहरातून एक शिल्पकार बाई आली. तिशी-पस्तिशीची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केसांना कायम मातीचा हात लागलेला. पाण्याच्या टाकीखालची रिकामी खोली तिला कामाला दिली होती. खोलीत पत्र्याचं टेबल, त्यावर तारेचा सांगाडा, ओल्या गोणपाटाखाली मातीचा ढीग, आणि भिंतीवर जुन्या पुतळ्याचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. हुतात्मा दारात उभा राहिला तेव्हा तिने एकदा फोटोंकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि हसली.

"या काका. मला सांगितलं होतं, पण इतके सारखे असाल असं वाटलं नव्हतं. भुवई तर तीच आहे."

"त्याच्यासाठीच आलोय, बाई. ते डोकं माझं आहे. आता नवं करायचंच आहे, तर ज्याचं आहे त्याचं करा."

तिने हात पुसून त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. त्याने सगळं सांगितलं.

"फोटो एकही नाही?" शेवटी तिने विचारलं.

"एकही नाही. पण मी सांगतो ना. माझा सख्खा भाऊ होता तो. आणि चेहरे हे तर माझं रोजचंच काम."

"पंधरा दिवसांनी मला दगडाला छिन्नी लावावी लागेल. तोपर्यंत मातीत जमलं तर तुमचे दादा. नाही जमलं, तर मात्र या फोटोंवरून पुन्हा तुम्हीच. चालेल?"

"न जमायला काय झालं?" तो म्हणाला.

रोज दुपारी सलूनला कुलूप लावून तो टाकीखाली जायचा. हे काम आपलंच आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. गावातल्या कोणाच्या गालावर वस्तरा कुठे अडतो, कोणाचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा खाली उगवतो, कोणाच्या डोक्यात दोन भोवरे आहेत, हे तो झोपेत सांगेल. त्यामुळे बोलतानाही त्याला अडखळावं लागलं नाही. गाल आत गेलेले. कपाळ रुंद. नाकाचा शेंडा जरा बसका. भोवरा उजवीकडे. आणि उजवी भुवई डावीपेक्षा वर, सारखं काहीतरी विचारतोय अशी. बाई अंगठ्याने माती चढवत होती, उतरवत होती, मधूनच मान कलती करून डोळे बारीक करत होती. चौथ्या दिवशी चेहरा आकाराला आला. पाचव्या दिवशी तिने पाण्याचा हात फिरवून तो नीट केला आणि बाजूला झाली.

हुतात्मा उठला. दोन पावलं पुढे आला.

"हाच," तो म्हणाला. "हाच माझा दादा."

बाई मातीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, मग पुन्हा मातीकडे. हात धुवायच्या नळावर एक आरसा टांगलेला होता. तो तिने काढून आणला आणि मातीच्या डोक्याशेजारी धरला.

"काका, जरा या दोघांकडे बघता?"

त्याने बघितलं. आरशात एक म्हातारा होता. सुरकुत्या काढल्या तर गाल तेच, कपाळ तेच. आणि भुवई ज्या बाजूची मातीत वर होती, त्याच बाजूची आरशातही वर होती.

"चौकातल्या पुतळ्याची डावी भुवई वर होती," बाई हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचीही डावीच. पण तुम्ही स्वतःला कायम आरशात बघत आलात. आरशातल्या माणसाची ती उजवी होते. तुम्ही पाच दिवस मला आरशातला माणूस सांगत होतात."

जन्म आरशासमोर काढलेल्या माणसानेच असा घोटाळा करावा! घड्याळजी तिथे असता तर वर्षभर त्याला हसायला पुरलं असतं. पण हुतात्मा स्टुलावर बसला. आपण दादाला जपून ठेवलाय या भरवशावर त्याने एवढी वर्षं काढली होती. वेळ आली की आत हात घालायचा आणि तो बाहेर काढायचा, एवढंच बाकी होतं. आज हात घातला तर हाताला स्वतःचंच तोंड लागलं होतं.

"म्हणजे मला दादा आठवतच नाही," तो म्हणाला.

बाईने आरसा जागेवर टांगला.

"त्यांना पाहिलेलं आणखी कोणी आहे?"

"आक्का आहे," तो म्हणाला. "थोरली बहीण."

आता कोणी विचारेल, की बहीण जिवंत आहे तर या शहाण्याने तिला आधीच का विचारलं नाही? त्याचं कारण त्यांच्या घरात होतं. दादाचा विषय निघाला की आई उठून भांडी घासायला बसायची. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची. मग पोरांनी तो विषय काढणंच सोडलं. आई गेली, बाबा गेले, ते घरही दुसऱ्याचं झालं, पण सवय राहिली. आक्का आणि तो भेटायचे, गुडघ्यांवर बोलायचे, भाज्यांच्या भावावर बोलायचे, आणि दादाला वळसा घालून घरी जायचे.

आक्का दोन तासांच्या बसवर मुलीकडे राहायची. चौऱ्याऐंशीची झाली होती, पण जिभेची धार तशीच. तो पोहोचला तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"कोण मेलं?" तिने विचारलं. "न कळवता आलास म्हणून विचारते."

"कोणी नाही. आक्का, दादा दिसायला कसा होता?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, मग समोरची खुर्ची दाखवली. त्याने ट्रकपासून सुरुवात केली. डोकं, माती, भुवई, आरसा. आरशापाशी आल्यावर ती हसायला लागली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"म्हणजे स्वतःलाच दादा म्हणून खपवत होतास! धन्य आहे बाबा तुझी." तिने पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसू कुठल्या कुठे गेलं. "धाकट्या, तो तुझ्यासारखा नव्हता रे. जरासुद्धा नव्हता. तू बाबांवर गेलास. तो मामांच्या वळणावर गेला होता."

"पण आई तर म्हणाली, अगदी असाच होता."

"आई खोटं बोलली."

बाहेरच्या खोलीत रेडिओ चालू होता. तिने मुलीला हाक मारून तो बंद करायला सांगितला.

"मी तेव्हा माहेरी आले होते," आक्का म्हणाली. "शिल्पकार गेल्यावर मी तिच्याशी भांडले. म्हटलं, अगं, हा कुठे आणि तो कुठे? डोळे आहेत की नाहीत तुला? तर भांडी घासायला लागली. मी भांडं काढून घेतलं हातातून. तेव्हा म्हणाली, बाजाराला जायचं तर चौकातून. दवाखान्यात जायचं तर चौकातून. त्याचा चेहरा तिथे उभा केला तर मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईल का? धाकट्याचा मला बघवेल. धाकटा चौकात दिसला तरी संध्याकाळी घरी जेवायला येतो."

हुतात्मा टेबलावरच्या सालांकडे बघत राहिला. साठ वर्षं तो स्वतःला दादाची जागा बळकावणारा समजत होता. आणि आईने तर त्याला तिथे राखणीला उभं केलं होतं, तिच्या आणि दादाच्या मधे. हे तेव्हाच कळलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आणि लगेच हेही वाटलं, की कळलं असतं तर आईसमोर पानावर बसून आपल्याला घास गिळता आला असता का?

"मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. आणि सांगून काय करणार होतास? दुकान सोडून पळून जाणार होतास?" आक्काने पुन्हा शेंगा पुढे ओढल्या. "आता माझं ऐक. होता तसा राहू दे. तुझं दुकान कुठे आहे? समोर. दार उघडलं की तो. गिऱ्हाईक गेलं की तो. आईला झेपलं नाही ते तुला झेपणार आहे?"

"माहीत नाही."

"मग कशाला जिवाला लावून घेतोस?"

"आक्का, तू आणि मी गेलो, की त्याला पाहिलेलं जगात कोणी उरणार नाही," तो म्हणाला. "आणि मी तर आत्ताच त्यातून गेलोय. आता तू एकटी आहेस."

आक्काने उरलेले सगळे मटार सोलले, सालं गोळा केली, टेबल पुसलं. मग मुलीला हाक मारून म्हणाली, "माझी औषधं पिशवीत भर. उद्या सकाळी याच्याबरोबर जायचंय." आणि त्याच्याकडे वळून, "बसमध्ये खिडकी मला."

टाकीखालच्या खोलीत पाय ठेवल्याबरोबर आक्काने ताबा घेतला. मातीचं डोकं बघून ती म्हणाली, "हा तर आमचा धाकटा, उलटा घातलेला." बाईने दोन्ही तळव्यांनी तो चेहरा दाबून सपाट केला.

"चेहरा रुंद हवा," आक्का म्हणाली. "असा, ताटासारखा. डोळे बारीक. हसायच्या आधीच बारीक व्हायचे. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, म्हणून ओठ कधी पुरते मिटायचे नाहीत. नाही बाई, एवढे उघडे नको, बावळट नव्हता तो. हां, एवढेच."

"आणि कान?"

"कान!" आक्काने कपाळाला हात लावला. "अगं, कान असे होते, की वारा सुटला की आम्ही त्याला म्हणायचो, घरात ये, उडून जाशील. दोन्ही बाजूंना उघडलेली दारं नुसती."

बाईने कान चढवले. आक्का म्हणाली, अजून. तिने अजून चढवले. तेवढ्यात नगरपालिकेचा एक साहेब काम कुठवर आलं ते बघायला डोकावला आणि दारातच थबकला.

"हे जरा जास्त होत नाही का? म्हणजे, वीराचा पुतळा आहे. थोडं शोभेल असं..."

"कान त्याचे होते," आक्का म्हणाली, "नगरपालिकेचे नव्हते."

साहेबाने पाय काढता घेतला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बाई मागे सरकली. टेबलावर एक पोरगा होता. देखणा म्हणवणार नाही असा, रुंद तोंडाचा, ओठ किंचित उघडे, आता कोणीतरी काहीतरी म्हणेल आणि मी हसेन या तयारीत. आक्काने एकदाच बघितलं आणि तोंड फिरवून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या पाठीवरून सगळं कळत होतं. पण हुतात्म्याला काहीच झालं नाही. तो बघत होता आणि त्याला तो चेहरा परका वाटत होता. एखाद्या लांबच्या नातेवाइकाशी ओळख करून दिल्यासारखा. हे इतकं वाईट होतं, की त्यापेक्षा आरशातला घोटाळा बरा.

"हात लावू का?" त्याने विचारलं. बघून जे कळत नाही ते हाताला कळतं, हा त्याचा धंद्यातला अनुभव होता.

"सांभाळून," बाई म्हणाली. "ओला आहे."

गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहतात तसा तो डोक्याच्या मागे जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे केले आणि बोटांत ते दोन कान अलगद धरले.

आणि तो उंच गेला. खाली बाजार होता, टोप्या होत्या, पालांची छतं होती, आणि तो सगळ्यांच्या वर होता, दादाच्या खांद्यावर, दोन्ही मुठींत दोन कान. दादा पळत होता आणि ओरडत होता, "घट्ट धर, पण उपटू नकोस रे, एवढे दोनच आहेत!" तो आवाज आपल्यात कुठे आहे हे त्याला माहीतच नव्हतं. जरासा घोगरा, चढलेल्या दातामुळे स चा फुसका उच्चार करणारा आवाज. त्याच्यामागून सगळंच आलं. पुलावरची गर्दी आली. त्या दिवशीही तो दादाच्याच खांद्यावर होता. पुलाच्या तोंडाशी दादाने त्याला खाली उतरवायला घेतलं आणि त्याने कान सोडले नाहीत. दादा म्हणाला, सोड रे राजा, मला काम आहे. तो सोडेना. शेवटी आईने एकेक बोट उकलून त्याचे हात सोडवले होते.

तो मोठ्याने रडला. म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसा, पोरासारखा, नाक गळेपर्यंत रडला. आक्का खिडकीपासून आली आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. तीही रडत होती आणि वर त्यालाच दटावत होती, "अरे, कान सोड आधी त्याचे, मोडशील."

पुतळ्याला नवं डोकं बसलं त्या दिवशी चौकात भाषणं झाली, आणि ती लांबायची तेवढी लांबली. पडदा ओढला तेव्हा लोक क्षणभर बावरले. साठ वर्षांच्या ओळखीचा हुतात्मा जाऊन तिथे भलताच कोणी उभा होता. मागून एक पोर खुदकन हसलं, कानांनाच हसलं असणार. मग टाळ्या वाजल्या. आक्काला खुर्ची दिली होती, पण ती उठून काठी टेकत चौथऱ्याजवळ गेली. बराच वेळ वर बघत राहिली. आईने जे टाळलं होतं ते ती टक लावून बघत होती.

"एवढा उशीर?" ती दादाला म्हणाली. घरी उशिरा आलेल्या पोराला म्हणतात तसं. मग धाकट्या भावाच्या दंडाला धरून ती बसस्टँडकडे निघाली, आणि वाटेत मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुतात्म्याने सलून उघडलं, पाणी तापवलं, वस्तरा परजला. समोर बघायचं त्याने टाळलं. आक्काचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता. आईला झेपलं नाही ते तुला झेपणार आहे? घड्याळजी नेहमीप्रमाणे पहिला आला आणि खुर्चीत बसून त्याने गाल पुढे केला.

"आता तुला काय म्हणायचं रे आम्ही?" साबणातून तो बोलत होता. "ती जागा तर गेली तुझी. तो तर तुझ्यासारखा अजिबातच दिसत नाही."

"नाही दिसत," हुतात्मा म्हणाला.

त्याने वस्तरा गालाला लावला. अर्धा गाल झाला. मग त्याचा हात आपोआप थांबला आणि त्याने मान वर केली. दारातून सकाळचं ऊन आत आलं होतं. रस्त्यावर एक सायकल गेली, भाजीवालीने टोपली उतरवली, आणि त्यांच्या पलीकडे, आता हसतो की मग अशा बेतात, रुंद तोंडाने आणि दोन्ही कान उघडे टाकून तो उभा होता. हुतात्म्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने ते पुसलं नाही आणि नजरही काढली नाही.

घड्याळजीच्या गालावरचा साबण वाळायला लागला.

"अरे, कुठे हरवलास?" तो म्हणाला. "मला दुकान उघडायचंय."

"थांब जरा," हुतात्मा म्हणाला. "दादा आलाय."